सांता क्लाराचं गोल्फ मैदान: हिरवळीखाली कचरा, कागदावर कार्यालयं

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा शहराच्या मालकीचं १८ होलचं गोल्फ मैदान १९८७ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये बंद झालं. त्याच्या जागी कार्यालयं, दुकानं, हॉटेलं आणि थोडी घरं असं प्रचंड संकुल यायचं होतं. २०१३ मध्ये शहराने न्यूयॉर्कच्या रिलेटेड या विकासक कंपनीशी वाटाघाटींचा करार केला. इतर कोणाशी त्या जमिनीबद्दल बोलायचं नाही, अशी त्यात अट होती. जून २०१६ च्या अखेरीस सिटी कौन्सिलने प्रकल्प मंजूर केला. पुढे महासाथ आली, कार्यालयांची मागणी आटली, आणि खेळ बंद होऊन पाच वर्षं झाली तरी त्या मैदानावर नियोजित कार्यालयांपैकी एकही वापरात आलेलं नव्हतं.

सनीव्हेल, सांता क्लारा, सॅन होजे या पट्ट्यात मराठी घरं भरपूर आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी हे मैदान फुटबॉलच्या सामन्याला जाताना गाडी लावायची जागा म्हणूनच पाहिलेलं असेल. त्यावरून झालेला वाद वरवर ‘गोल्फ हवं की नोकऱ्या’ असा दिसतो. कागद उलगडून पाहिले तर गोल्फ हा त्यातला सर्वांत हलका मुद्दा होता. खरे प्रश्न तीन: जमिनीखाली काय आहे, कामाला येणारी माणसं राहणार कुठे, आणि आधी काय बंद करायचं व नंतर काय उभारायचं. तिसऱ्या प्रश्नावर सुनावण्यांमध्ये सर्वांत कमी वेळ गेला आणि शहराला सर्वांत जास्त नडला तोच.

जागा कुठली, आणि ती गोल्फला मिळाली कशी

मैदान टॅस्मन ड्राइव्हच्या उत्तरेला, २०१४ मध्ये उघडलेल्या लेव्हाइज स्टेडियमला जवळजवळ खेटून. एका अंगाला कन्व्हेन्शन सेंटर आणि ग्रेट अमेरिका हे करमणूक उद्यान, दुसऱ्या अंगाला लाफायेट स्ट्रीट आणि त्याच्या पलीकडे ग्वादालुपे नदी. टॅस्मनवरून लाइट रेल धावते आणि हाकेच्या अंतरावर ग्रेट अमेरिका हे रेल्वे स्थानक आहे. सिलिकॉन व्हॅलीच्या ऐन मध्यावर, रेल्वे आणि महामार्ग दोन्ही हाताशी असलेली, प्रकल्पाच्या हिशेबात सुमारे २४० एकर सलग जमीन. इतकी सोन्यासारखी जागा कोणी आपणहून गोल्फला सोडत नाही. ती सोडली गेली कारण ती शहराची कचराभूमी होती. शहराने कित्येक दशकं तिथे कचरा पुरला, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्याचे काही भाग चालू होते, आणि जे भाग भरून झाले त्यांच्यावर माती टाकून हिरवळ लावली गेली.

अमेरिकेत हा प्रकार सर्रास चालतो. शेजारच्या माउंटन व्ह्यू शहराचं शोअरलाइन गोल्फ मैदानही असंच जुन्या कचऱ्यावर आहे. कारण सोपं आहे. कचरा कुजत राहतो, दबत राहतो, त्यातून वायू निघतो, म्हणून त्यावर जड काही बांधता येत नाही. गोल्फच्या मैदानाला मात्र जमीन थोडी खचली तरी चालतं, मधूनमधून मातीचा भराव टाकला की भागतं. वायूच्या विहिरींची झाकणं फेअरवेच्या, म्हणजे चेंडू मारत पुढे जायच्या हिरव्या पट्ट्याच्या, कडेला बसवता येतात. अडचण पाण्याची येते. कचऱ्यावरच्या मातीच्या आवरणाचं पहिलं काम पाणी आत जाऊ न देणं, आणि गोल्फला तर रोज पाणी लागतं. जमीन असमान खचली की तुषारसिंचनाचे नळ सांध्यात तुटतात, आणि एखादी गळती लक्षात यायला आठवडा लागला तरी तेवढं पाणी खालच्या कचऱ्यात मुरून काळं दूषित पाणी वाढवतं. अशा मैदानाचा देखभाल खर्च साध्या मैदानापेक्षा जास्त का असतो, याचं उत्तर या नळांच्या सांध्यांत आहे.

प्रस्तावात काय होतं

मंजूर आराखड्यात एकूण सुमारे ९२ लाख चौरस फूट बांधकाम होतं. त्यात कार्यालयं ५७ लाख चौरस फुटांपर्यंत, दुकानं सुमारे ११ लाख चौरस फूट, हॉटेलच्या ७०० खोल्या आणि जास्तीत जास्त १,६८० घरं. खर्चाचा आकडा वर्तमानपत्रांत ८०० कोटी डॉलरच्या घरात छापला जायचा. गोल्फबरोबर टेनिसची कोर्टं, मुलांचा बीएमएक्स सायकलचा ट्रॅक आणि एक अग्निशमन केंद्रही हलवावं लागणार होतं. जमीन विकायची नव्हती. मालकी शहराकडे ठेवून ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची होती. हा भाग शहराने बरोबर केला, असं आमचं मत आहे. का, ते पुढे शेजारच्या करमणूक उद्यानाच्या जमिनीवरून दिसेल.

गोल्फवाल्यांची बाजू

सार्वजनिक गोल्फ मैदानाच्या वादात दोन्ही बाजू ठरलेली वाक्यं बोलतात. खेळणारे म्हणतात, खासगी क्लबचं सदस्यत्व परवडत नाही, निवृत्त माणसं आणि शाळांचे संघ इथेच खेळतात, आणि सपाट काँक्रीटच्या पट्ट्यात ही एवढीच हिरवळ उरली आहे. समोरचे म्हणतात, मूठभर लोकांच्या खेळासाठी एवढी जमीन, आणि त्यातही निम्मे बाहेरगावचे.

यात आकडेमोड करून पाहावी. चार-चार जणांचा गट दर १० मिनिटांनी सोडला तर तासाला २४ जण. एक फेरी पुरी व्हायला सव्वाचार-साडेचार तास लागतात, म्हणून सूर्यास्ताच्या तेवढं आधी शेवटचा गट सोडावा लागतो. उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला सुरुवात केली तर गट सोडायला साडेनऊ तास मिळतात, म्हणजे दिवसाला फार तर सव्वादोनशे माणसं. हिवाळ्यात हा आकडा निम्म्यावर येतो. प्रत्येक होलवर एक गट धरला तर एका वेळी मैदानावर ७२ जण. काही होलवर दोन गट असतात, तरी शंभराच्या आसपासच. शहराची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सुमारे १ लाख २७ हजार. साध्या बागेशी तुलना केली तर एकरामागे माणसं फारच कमी.

पण ही आकडेमोड अर्धीच बाजू सांगते. या जमिनीवर गोल्फच्या ऐवजी सर्वांसाठी बाग करायचा प्रस्ताव नव्हताच. तुलना गोल्फ आणि बाग यांची नव्हती, गोल्फ आणि कार्यालयांची होती, आणि कार्यालयाच्या आवारातली हिरवळ कितीही ‘सार्वजनिक’ म्हटली तरी तिथे रविवारी कोण जातं? विरोधकांनी आकड्यांवर आकडे मांडण्यापेक्षा हा एकच प्रश्न लावून धरला असता तर जास्त उपयोग झाला असता.

काळही गोल्फच्या विरोधात होता. २००६ नंतर अमेरिकेत दरवर्षी नव्याने उघडणाऱ्या मैदानांपेक्षा बंद पडणारी जास्त, असं चित्र होतं. त्यातच स्टेडियम शेजारी आलं. सामन्याच्या दिवशी फेअरवेवर गाड्या उभ्या करायला परवानगी मिळाली, म्हणजे त्या दिवशी खेळ बंद आणि दुसऱ्या दिवशी चाकांच्या दाबाने घट्ट झालेली माती. दबलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, पाणी वर साचतं, गवत पिवळं पडतं, आणि मग भोकं पाडणाऱ्या यंत्राने माती मोकळी करावी लागते. मैदान वाईट अवस्थेत आहे हा नंतरचा युक्तिवाद आणि ती अवस्था आणणारा आधीचा निर्णय, दोन्ही एकाच सभागृहातले. जागा हळूहळू निकामी करायची आणि मग ती निकामी आहे म्हणून द्यायची, हा खेळ आपल्याकडच्या गावठाणांतही ओळखीचा आहे.

शहराला कार्यालयं हवीत आणि घरं नकोत, असं का

कॅलिफोर्नियातल्या शहरांच्या तिजोरीचं गणित समजल्याशिवाय हा वाद कळत नाही. १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ ने, म्हणजे लोकमताने झालेल्या कायद्याने, मालमत्ता कराचा मूळ दर मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला आणि मालमत्ता विकली जाईपर्यंत मूल्यवाढ वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के ठरवली. त्या एक टक्क्यातला मोठा वाटा शाळा आणि काउंटीला (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाला) जातो, शहराच्या हाती लहान हिस्सा येतो. घर आलं की मात्र पोलीस, अग्निशमन, ग्रंथालय, बाग असा खर्च शहरावर पडतो. दुकानांचं उलट आहे. विक्रीकरातून विक्रीच्या एक टक्का रक्कम थेट शहराला मिळते. हॉटेलचा कर तर सगळाच शहराचा.

उदाहरणापुरता हिशेब करू. ११ लाख चौरस फूट दुकानांत वर्षाला चौरस फुटामागे ५०० डॉलरची विक्री धरली तर उलाढाल ५५ कोटी डॉलर आणि शहराचा वाटा ५५ लाख डॉलर. हॉटेलच्या ७०० खोल्या सरासरी ७० टक्के भरल्या आणि भाडं २०० डॉलर धरलं, तर तेव्हाच्या साडेनऊ टक्के दराने वर्षाला सुमारे ३४ लाख डॉलर. शिवाय जमिनीचं भाडं. आणि जमीन शहराची असली तरी तिच्यावरच्या खासगी भाडेकरूला ताब्याच्या हक्कावर मालमत्ता करासारखाच कर भरावा लागतो, तो वेगळा. गोल्फकडून यातलं जवळजवळ काहीच येत नाही. कौन्सिलच्या सभासदाला हा तक्ता दाखवला की तो कुठे मत देणार हे सांगायला ज्योतिषी नको.

पण या तक्त्याला एक रकाना कमी आहे, आणि नेमका तोच शेजारच्या सॅन होजेने न्यायालयात नेला.

शेजाऱ्याची फिर्याद

५७ लाख चौरस फूट कार्यालयांत माणशी २५० ते ३०० चौरस फूट धरले तर १९ ते २३ हजार नोकऱ्या होतात. दुकानं आणि हॉटेलं मिळवली की २५ हजारांच्या आसपास, आणि चर्चेतही हाच आकडा फिरत होता. घरं जास्तीत जास्त १,६८०. एका घरात दीड कमावती व्यक्ती धरली तर अडीच हजार माणसांची सोय. उरलेले साडेबावीस हजार? ते दुसऱ्या गावात घर शोधणार, तिथली भाडी वाढवणार आणि रोज सकाळी गाडीने इकडे येणार. सॅन होजेचं म्हणणं होतं की कर सांता क्लाराला मिळतो, आणि घरांचा व रस्त्यांचा बोजा आमच्यावर येतो. मंजुरीनंतर महिन्याभरात त्या शहराने सांता क्लारावर दावा लावला.

महिन्याभरातच का? कॅलिफोर्नियाच्या पर्यावरण कायद्यानुसार मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण परिणाम अहवाल लागतो. मंजुरीची नोटीस दाखल झाली की आव्हान द्यायला सर्वसाधारणपणे ३० दिवसच मिळतात. ते उलटले की अहवालात कितीही भोकं असली तरी तो दरवाजा बंद. नागरिक गटांची इथेच फसगत होते. सुनावणीत तीन मिनिटं बोलून आलं की काम झालं असं वाटतं, पण न्यायालयात तोच मुद्दा उचलता येतो जो मंजुरीपूर्वी नोंदीवर आलेला आहे. म्हणून अहवालाच्या मसुद्यावर लेखी हरकत, पानाचा क्रमांक आणि तक्त्याचा क्रमांक देऊन, मुदतीच्या आत दिलेली हवी. लेखी हरकतीला अंतिम अहवालात उत्तर देणं बंधनकारक असतं. ‘आमचं मैदान वाचवा’ या ओळीला उत्तर म्हणून ‘मत नोंदवले’ एवढं पुरतं. ‘वाहतुकीच्या तक्त्यात स्टेडियममधल्या सामन्याच्या दिवसाची गर्दी धरली आहे का’ या ओळीला आकड्यात उत्तर द्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. प्रकल्पाचे काही परिणाम टाळता येण्याजोगे नाहीत, असं अहवालातच मान्य केलं तरी प्रकल्प अडत नाही. त्याचे फायदे तोट्यांपेक्षा मोठे आहेत, असा लेखी ठराव करून कौन्सिल पुढे जाऊ शकतं. इथे तसंच झालं.

सांता क्लाराने मग सॅन होजेच्या हद्दीतल्या सांताना वेस्ट या कार्यालय प्रकल्पावर उलटा दावा लावला. एका शहराने दुसऱ्याला ‘तुम्ही कार्यालयं बांधता, घरं बांधत नाही’ म्हणायचं आणि दुसऱ्याने तेच वाक्य परत फेकायचं, हे वाचताना हसू येतं. शेवटी दोघांनी आपसात मिटवलं. पण १,६८० घरांचा मुद्दा तसाच राहिला, आणि घरं कमी असण्यामागे जमिनीखालचं कारणही होतंच.

कचऱ्यावर इमारत उभी करायची म्हणजे

कॅलिफोर्नियाच्या नियमावलीत बंद कचराभूमीवर शेवटचं आवरण कसं असावं हे ठरलेलं आहे: तळाला दोन फूट पायाचा थर, त्यावर एक फूट पाणी न झिरपणारी चिकणमाती, वर एक फूट गवत धरणारी माती. बंद केल्यानंतर किमान ३० वर्षं देखभाल. हे आवरण फोडून खाली जायचं तर प्रादेशिक पाणी मंडळ, राज्याचं कचरा खातं आणि काउंटीचा आरोग्य विभाग, अशा सगळ्यांची संमती लागते.

पहिला शत्रू मिथेन. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की ठिणगीने स्फोट होतो. म्हणून इमारतीच्या आत मर्यादा १.२५ टक्के, म्हणजे स्फोटाच्या खालच्या मर्यादेचा चौथा भाग. कचऱ्यापासून हजार फुटांच्या आतल्या बांधकामाला तळमजल्याच्या काँक्रीटखाली वायू अडवणारा प्लॅस्टिकचा पडदा लागतो. त्याच्याखाली किमान १२ इंच खडीचा मोकळा थर, त्या थरात वायू बाहेर नेणारे भोकांचे पाइप, खडीत माती शिरू नये म्हणून जाळीदार कापड, आणि आत आपोआप वाजणारे संवेदक.

कागदावर हे सोपं वाटतं. घोटाळा होतो तो पडद्याला भोक पडणाऱ्या जागी. पाण्याचा नळ, सांडपाण्याचा पाइप, विजेची नळी जिथे पडद्यातून वर येते तिथे गळ्याभोवती प्लॅस्टिकची बाही वितळवून चिकटवावी लागते. ती चिकटवल्यावर धूर सोडून गळती तपासतात. नंतर कोणी गवंडी येऊन लोखंडी सळी टेकवून ठेवतो आणि पडद्याला नखाएवढी चीर पडते. वर काँक्रीट ओतलं की ती दिसत नाही. म्हणून पडदा तपासल्यानंतर आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी त्या पडद्यावर कोण चालणार, याची लेखी शिस्त हवी. विजेच्या नळीचं तोंड आतूनही बंद करावं लागतं, कारण वायू नळीच्या पोटातून थेट वरच्या मजल्यावरच्या पेटीत निघतो.

दुसरा शत्रू खचणं. कचऱ्याचा थर दशकांमध्ये आपल्या जाडीच्या दहा-पंधरा टक्के किंवा त्याहूनही जास्त बसू शकतो. थर ३० फूट धरला आणि १० टक्के बसला तर तीन फूट. इमारत खोल पायावर, म्हणजे कचऱ्यातून आरपार जाऊन खालच्या घट्ट मातीत रोवलेल्या खांबांवर उभी असते, ती बसत नाही. आजूबाजूची जमीन मात्र बसते. दहा-बारा वर्षांनी दारासमोर पायरी तयार होते, चाकाच्या खुर्चीची वाट तुटते, आणि इमारतीत शिरणारे सगळे नळ त्या एका रेषेवर ताणले जातात. त्यासाठी दारापाशी बिजागरीसारखी हलणारी काँक्रीटची पाटी आणि नळांना लवचीक सांधे घालतात. खांबांनाही त्रास असतो. खाली बसणारा कचरा त्यांना धरून आपल्याबरोबर खाली ओढतो, म्हणून इमारतीच्या वजनाशिवाय हा ओढीचा भारही धरून खांब जाड करावे लागतात. कचऱ्यातल्या पाण्याने पोलाद गंजतं, तेही धरावं लागतं. वर भूकंपाचा प्रदेश.

म्हणूनच घरं कमी. कार्यालयात माणूस दिवसाचे आठ-नऊ तास असतो, इमारतीला एक जबाबदार मालक असतो, संवेदक वाजला तर सगळ्यांना पाच मिनिटांत बाहेर काढता येतं. घरात माणूस चोवीस तास झोपतो-जेवतो, लहान मुलं असतात, कोणी तळमजल्यावर छिद्र पाडून फळी ठोकतो. कचऱ्यावर घर करायचंच तर खाली हवा खेळती असलेली वाहनतळाची पातळी ठेवून ते वर उचलायचं, हाच व्यवहार्य मार्ग, आणि तो महाग असतो.

मुंबईकरांना हे पुस्तकी वाटायचं कारण नाही. मालाड पश्चिमेला चिंचोलीच्या जुन्या डंपिंग ग्राऊंडवर कार्यालयांचं मोठं संकुल उभं राहिलं तेव्हा तिथल्या कंपन्यांचे संगणक आणि एसी वारंवार बंद पडू लागले. कचऱ्यातून निघणाऱ्या गंधकाच्या वायूंनी सर्किट बोर्डावरचं तांबं आणि चांदी काळी पडत होती. मिथेनची सगळे भीती घेतात, पण सर्व्हरची खोली बंद पाडायला हायड्रोजन सल्फाइडचं अगदी थोडं प्रमाण पुरतं. सांता क्लारासारख्या ठिकाणी, जिथे अर्धे भाडेकरू संगणकवाले असणार, हा मुद्दा सुनावणीत मागच्या बाकावर राहावा याचं आश्चर्य वाटतं.

विकायची की भाड्याने

या सगळ्या पायाचा खर्च विकासक करतो, असं सांगितलं जातं. अर्थात करतो, पण कोणाच्या खिशातून? विकासक उलटा हिशेब मांडतो: इमारतीतून मिळणारं भाडं, वजा बांधकाम, वजा व्याज, वजा नफा. जे उरेल ते जमिनीचं मोल. पायाला १० कोटी जास्त लागले तर जमिनीचं भाडं तेवढ्या प्रमाणात खाली येतं. म्हणजे शेवटी भरतं शहरच. म्हणून भाडं सुरुवातीला कमी ठेवलं तरी ठरावीक वर्षांनी ते नव्याने मोजण्याचं कलम आणि नफ्यात वाटा हे भाडेपट्ट्यात घट्ट बसवावं लागतं.

विकण्यापेक्षा हे बरं, याचा पुरावा पलीकडेच आहे. ग्रेट अमेरिका उद्यानाखालची सुमारे ११२ एकर जमीनही शहराच्या ताब्यातली होती. २०१२ मध्ये राज्याने शहरांच्या पुनर्विकास संस्था मोडीत काढल्या, त्या निपटाऱ्यात २०१९ मध्ये ती जमीन उद्यान चालवणाऱ्या सीडर फेअर कंपनीला १५ कोटी डॉलरला विकली गेली, आणि त्यातला मोठा भाग इतर करसंस्थांना गेला. तीनच वर्षांनी, २०२२ मध्ये, त्या कंपनीने तीच जमीन गोदामांसाठी ओळखल्या जाणाऱ्या प्रोलॉजिसला ३१ कोटी डॉलरला विकली. गोल्फची जमीन निदान अजून शहराच्या नावावर आहे.

क्रम चुकला

आता तिसरा प्रश्न. करारात टप्पे असतात: कुठला भाग कधी ताब्यात घ्यायचा, कधी काम सुरू करायचं, मुदत चुकली तर काय. मैदानाच्या बाबतीत एक अट निर्णायक ठरली असती: पहिल्या टप्प्याचं कर्ज मंजूर होऊन पायाचं काम सुरू होईपर्यंत उरलेलं मैदान चालू ठेवायचं. १८ होल एकदम द्यायची गरज नव्हती. एक बाजू दिली तरी ९ होल, सरावाची पट्टी आणि टेनिस चालू राहू शकतं, कित्येक शहरांनी असं केलेलं आहे. सिंचनाचे नळ, ग्रीनची (होलच्या भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताची) मुळं आणि मैदान सांभाळणारी माणसं ही तिन्ही गोष्टी एकदा थांबल्या की परत आणायला कोट्यवधींचा खर्च येतो. एका उन्हाळ्यात पाणी बंद केलं तरी ग्रीन जातं.

२०१९ च्या ऑक्टोबरात मैदान बंद झालं. पाच महिन्यांनी, मार्च २०२० मध्ये, सांता क्लारा काउंटीत घरी राहण्याचा आदेश निघाला. त्यानंतर काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे: कार्यालयं रिकामी, आणि गोल्फला मात्र गर्दी, कारण मोकळ्या हवेत अंतर राखून खेळता येणारे खेळ फार नव्हते. शेजारच्या शहरांची मैदानं भरली.

नियमही मागून आले. नोव्हेंबर २०१६ मध्ये शहराच्या सनदेत दुरुस्ती झाली, की उद्यानाची जमीन विकायची किंवा लांब मुदतीने भाड्याने द्यायची तर मतदारांच्या दोन तृतीयांश संमतीशिवाय नाही. गोल्फचा करार त्याच्या काही महिने आधी मंजूर झालेला होता. गरजेची नसलेली सार्वजनिक जमीन द्यायची तर आधी परवडणाऱ्या घरांच्या संस्थांना विचारावं, हा राज्याचा जुना नियम १ जानेवारी २०२० पासून आणखी कडक झाला. तो बदलही या कराराच्या नंतरचा.

महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर मुंबई महापालिकेकडे घ्यायचं २०२४ मध्ये ठरलं, तेव्हा त्याचा भाडेपट्टा संपून दहा वर्षं उलटून गेली होती. तिथे कार्यालयं नाहीत, बाग करायची आहे. पण सांता क्लाराच्या कागदांतून नेण्यासारखे तीन प्रश्न तिथेही लागू पडतात: कुठला तुकडा कुठल्या तारखेला हातात येणार, त्या तारखेपर्यंत तो कोण सांभाळणार, आणि काम वेळेत सुरू झालं नाही तर जमीन आपोआप परत कशी येणार. तिन्ही उत्तरं ठरावाच्या मजकुरात हवीत, चित्रांच्या पुस्तिकेत नाही.

सांता क्लारात खेळ थांबला तरी जमिनीखालचं काम थांबलेलं नाही. वायूच्या विहिरींतून मिथेन ओढणं, हद्दीवरच्या नळ्यांमध्ये त्याचं प्रमाण मोजणं, दूषित पाण्याची पातळी पाहणं आणि ठरावीक वर्षांनी जमीन किती बसली याचा नकाशा काढणं हे वर हिरवळ असो, इमारत असो की वाळलेलं गवत, करावंच लागतं. फक्त पूर्वी त्या खर्चाला फेरीमागे खेळाडूचे पैसे हातभार लावत होते.